शंभराव्या दिवशी पांढरा कुर्ता

२४ फेब्रु.
इथं येऊन बावीस दिवस झाले. सुजाताचं हे चीनमधलं गाव फार सुंदर आहे, हे आता तोंडपाठ झालं. तळं सुंदर, डोंगरावरचा बर्फ सुंदर, भाडं आमच्या नागपूरच्या मनीषनगरपेक्षा कमी. फोनवर ज्याला दाखवावं तो म्हणतो, मजा आहे राजेहो तुमची. मजा अशी, की सकाळपासून एका माणसाशी बोललो नाही. चहावाल्याला नोट दिली तर त्यानं हात हलवून परत केली. सगळे फोन दाखवून पैसे देतात. माझ्या फोनला ते जमत नाही. चहा न पिताच वापस आलो.
पोरीनं डी.एड. केलं, आणि इथं अंगणात चिनी बायांना पाय डोक्यामागं न्यायला शिकवते. मी वरच्या गॅलरीत. हिंगण्याच्या कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होतो, इतका रिकामा एक दिवस बसलो नाही.

२७ फेब्रु.
सु.च्या नोंदीसाठी पोलिसठाण्यात. परदेशी माणूस घरात ठेवला तर घरमालकाला सोबत यावं लागते. पुष्कळ घरमालक ही कटकट नको म्हणून घरच देत नाहीत. आमची घरमालकीण यांगबाई येते. माझ्याच वयाची, पाठीत वाकलेली, पण चालीला चपळ. खाली ती राहते, वर सु. योगाचा वर्गही तिच्याच अंगणात.
घराचा करार मार्चअखेर संपतो. यांगबाईनं सही केली तर आणखी दोन वर्षं.
नाही केली तर

२ मार्च
दुपारी गॅलरीतून मयत पाहिली. पुढं वाजंत्री, मागं घरचे लोक, सगळ्यांच्या डोक्याला पांढरं फडकं, अंगावर पांढरं. सु. म्हणाली, "बाबा, यांच्यात पांढरं म्हणजे मरण. आनंदात कोणी घालत नाही." लिहून ठेवतो. आपलं शुभ्र ते यांचं अशुभ. ही, सु.ची आई, असती तर तिला सांगायला गंमत आली असती.

५ मार्च
आज विषय काढला.
"सुजू, घरी चाल नं वं आता."
"घरी येऊन काय करू?"
"हेच कर. मनीषनगरात योगाचे दोन क्लास निघाले."
"तेच तर बाबा. दोन आहेत तिथं. आन् दोन्हीकडच्या बाया विचारतीन, लग्न काहून मोडलं. इथं कोणी विचारत नाही."
"इथं विचारलं तरी मले कुठं समजते."
हसली. मग भांडे घासत बसली, पाठमोरी. अर्धा तास तीच ती कढई.

११ मार्च
वरच्या देवळात गेलो. बुद्धाची मूर्ती मोठी, मन भरून आलं. वाटलं, इथं तरी आपण घरचे. तर तिकीट. आत लोक उदबत्त्यांचे जुडगे पेटवून काहीबाही मागून राहिले. एका कोपऱ्यात उभा राहून हळू आवाजात वंदना म्हटली. झाडणारी बाई झाडू थांबवून माझ्याकडे पाहत होती. तिच्या बुद्धाशी हा कोणत्या भाषेत बोलतो, असं वाटलं असेल.
उतरताना गुडघा दुखला. तळ्याकाठी पोरापोरींची फोटोसाठी रांग. भाड्याचे झगे, भाड्याचे घोडे. सगळ्यांना इथं यायचं आहे. मला एकट्याला जायचं आहे.

१८ मार्च
मेश्रामबाईचा फोन. शेजारीण आहे, घराची किल्ली तिच्याकडे.
"पोरगी काय म्हणते, भाऊ?"
मी म्हटलं, "येऊन राहिली. उन्हाळ्यात येते." कसं निघालं तोंडातून, माहीत नाही. पुढं हेही म्हणालो, की तिची खोली झाडून घ्या.
सु.ला सांगितलं नाही.

२० मार्च
आज वाईट झालं.
यांगबाईच्या नातवाला शंभर दिवस झाले. शंभराव्या दिवशी जेवण घालतात, आपल्या बारशासारखं. सु.चा सकाळी हॉटेलात वर्ग होता, ती परस्पर येणार होती. जाता जाता म्हणाली, "बाबा, चांगले कपडे घालून जा."
चांगले म्हणजे आपल्या घरी कोणते? पांढरे. बारसं असो, लग्न असो, विहारात जायचं असो. हिनं तिच्या शेवटच्या बुद्धपौर्णिमेला घेतलेला कुर्ता पेटीतून काढला, इस्त्री केली, पांढरा पायजमा, खांद्यावर पांढरं उपरणं. आरशात पाहिलं. बरा दिसलो.
खाली गेलो तर अंगण चूप. दहा टेबलं, सगळीकडे लाल. बाळाची आई बाळाला घेऊन आतच गेली. यांगबाई आली, हसली नाही. माझ्या हातात लाल रंगवलेलं अंडं दिलं आणि भिंतीकडच्या टेबलावर बसवलं. पाठ सगळ्यांकडे. मला वाटलं, म्हातारा म्हणून निवांत जागा दिली. अंडं खिशात ठेवलं.
मग सु. आली. दारातच तिचा चेहरा पाहिला आणि उठून उभा राहिलो.

२१ मार्च
"बाबा, मी तुम्हाले सांगतलं होतं."
"नाही आठवलं, बेटा."
"गॅलरीत उभे होतो आपण. मयत चालली होती."
"मग ह्या पोरी तळ्यावर पांढरे झगे घालून लग्नाचे फोटो काढतात, ते चालते?"
"ते फोटो आहेत बाबा. हे त्यायचं घर आहे."
 कुर्त्याच्या खिशाला अंड्याचा लाल रंग लागला. दोनदा धुतला, जात नाही.

२३ मार्च
यांगबाई खाली दिसली, मान हलवली, आत गेली. सु.नं कराराचं विचारलं. उत्तर आलं: पाहू. सु. म्हणते, इथं पाहू म्हणजे नाही. बाळाला त्या दिवसापासून ताप आहे. सर्दीचा ताप आहे, गावात सगळ्या पोरांना आहे. पण यांगबाईला ते कोण सांगणार.
सु. दुसरं घर शोधून राहिली. तीन जणांनी परदेशी नको म्हणून सांगितलं. एकाकडे अंगण नाही. अंगण नाही म्हणजे वर्ग नाही.


२५ मार्च
सु.नं भाजी चिरता चिरता विचारलं. माझ्याकडे पाहिलं नाही.
"बाबा, मुद्दाम नाही नं केलं?"
"काहीही विचारतं का वं बापाले?"
"नाही, फक्त विचारलं."
राग आला. फार राग आला. बाहेर जाऊन तळ्याला एक चक्कर मारली. सुंदर तळं. डोक्याला ताप.

२६ मार्च
ही वही मागून पुढं वाचत बसलो. २ मार्च. माझंच अक्षर. लिहून ठेवतो, म्हणून लिहिलेलं.
मग १८ मार्च.
इस्त्री करताना मला आठवलं होतं का? खरं सांगायचं तर इतकंच आठवते, की उपरणं घेताना हात थांबला होता. कशासाठी थांबला ते नाही आठवत. थांबला आणि मग घेतलं.

३० मार्च
विमानतळ. व्हिसा संपला म्हणून जातो, दुसरं काही नाही, हे सु.ला दोनदा सांगितलं. तिनं पिशवीत संत्री टाकली. नागपूरच्या माणसाला चिनी संत्री. "खाऊन सांगा कोणती गोड," म्हणाली. यांगबाई दारापर्यंत आली नाही. कराराला आणखी पंधरा दिवस मागून घेतले आहेत सु.नं.

३ एप्रिल, नागपूर
ऊन. कूलरचं पाणी भरलं. मेश्रामबाईनं सु.ची खोली अशी लख्ख केली, की आत जाववलं नाही. पलंगावर नवी चादर.
"कधीची गाडी आहे पोरीची?"
म्हटलं, ठरलं की सांगतो.
"तोंड काहून उतरलं, भाऊ? घरी आले नं आता."

६ एप्रिल
रविवार. विहारात सगळे पांढऱ्यात. मी तोच कुर्ता घातला, दुसरा आहे पण तोच घातला. खिशावरचा लाल डाग पाहून एक पोरगी म्हणाली, "आजोबा, पान खाल्लं का?" तिला म्हटलं, बाळाच्या बारशाचा आहे. वंदनेत चित्त नव्हतं.

८ एप्रिल
यांगबाईला माफीचं पत्र लिहायला बसलो. चार ओळी झाल्या, तेव्हा ध्यानात आलं. मला चिनी येत नाही, तिला मराठी येत नाही. मधे सु.च. म्हणजे जे यांगबाईला लिहीन, ते आधी पोरगी वाचणार.
फाडलं.

१० एप्रिल
दुसरं लिहिलं. आमच्यात पांढरं शुभ असते, चूक झाली, क्षमा असावी. नीटनेटकं. कारखान्यात उशीर झाला की लिहून द्यायचो तसं. खोटं त्यात काही नाही. खरंही नाही.
फाडलं.

१२ एप्रिल
सु.चा फोन. बाळाचा ताप उतरला. यांगबाई अंगणात येऊन बसते, बोलत मात्र नाही. मंगळवारी मुदत संपते. "नाही म्हणाली तर मग पाहू," म्हणाली. आवाज दमलेला. खोली तयार आहे, हे जिभेवर आलं होतं. गिळलं.

१३ एप्रिल
तिसरं लिहिलं. त्यात सगळं घातलं. मयत पाहिल्याचं. मेश्रामबाईला काय बोललो ते. हात थांबला होता ते. आणि हे, की तुमच्या नातवाचं मी मनात कधी वाईट आणलं नाही, माझं मागणं फक्त माझ्या पोरीपुरतं होतं, आणि तेही तिला न विचारता. घर तिला द्या. पांढरं घालून मी पुन्हा तुमच्या दारी येणार नाही. बोलावलं तर लाल घालून येईन.
खाली सु.साठी एक ओळ: जसंच्या तसं वाचून दाखव, बापाला वाचवू नको.
साडेदहाला फोटो काढून तिथल्या ॲपवर पाठवलं.

१३ एप्रिल, संध्या.
आपल्या इकडच्या फोनवर निळ्या खुणा येतात, समोरच्यानं वाचलं की दिसते. तिथल्या ॲपवर तसं काही येत नाही. गेलं, एवढंच कळते.
सु.नं दिलेलं संत्रं आज सोललं. गोड आहे.