दिवेलागणीला जाणारी लाइन

॥ श्री ॥

बुकित बातोक, सिंगापूर
११ फेब्रुवारी २००९

अहो,

सा. न. वि. वि.

रविवारी तुम्ही पुतण्या तन्मयच्या कॉम्प्युटरसमोर इस्त्रीचा शर्ट घालून बसलात आणि आम्हाला इकडे तुमचं अर्धं कपाळ दिसलं, मग तेही गेलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मला ओरडावं लागतं, आणि इथे भिंतीपलीकडे माणसं राहतात. म्हणून पत्र. आठ दिवसांनी का होईना, अख्खं वाक्य तरी पोचेल.

बातमी चांगली नाही. आपल्या यशोधनची नोकरी गेली. रॅफल्स प्लेसच्या त्याच्या बँकेने त्याचा सगळा विभागच बंद केला. नोकरी गेली की इथे राहायचा पासही जातो. महिनाभरात दुसरी मिळाली नाही तर इराची शाळा सोडवून, भाड्याचा फ्लॅट रिकामा करून निघायचं. नीता धीराची पोर आहे, पण घासलेली भांडी पुन्हा घासते तेव्हा मला कळतं.

एका ठिकाणी आशा आहे. मुलाखत लंडनचे साहेब घेतात, लॅपटॉपवर. त्यांची सकाळ म्हणजे आपली दिवेलागण. पडद्यावर आकडे मांडून दाखवायचे असतात, म्हणून नुसता फोन चालत नाही. काल पहिली मुलाखत झाली, म्हणजे अर्धी झाली. ऐन बोलण्याच्या भरात लाइन गेली. रोज संध्याकाळी हेच चाललंय. यशोधनने त्या लॅपटॉपचं काय काय पुसून पुन्हा भरलं. कंपनीचा माणूस सकाळी आला, कॉफी प्यायला, सगळं ठीक आहे म्हणून दाखवून गेला, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. यशोधन म्हणतो, सगळी इमारत कामावरून येऊन इंटरनेटवर बसते म्हणून असं होतं. इरा इथल्या पोरांसारखं लाह लावून म्हणते, चेंज कंपनी लाह. बापाने डोळे वटारले तिच्यावर.

मी माझ्या परीने देवाला साकडं घातलंय. इथल्या फ्लॅटमध्ये सरकार एक काँक्रीटची कोठी बांधून देतं, लढाई झाली तर लपायला. दार लोखंडी, एवढं जड की मला दोन्ही हात लावावे लागतात. लोक तिथे तांदूळ आणि बॅगा ठेवतात. घरमालक भिंतीला खिळा मारू देत नाही, म्हणून नीताने देवही तिथेच फळीवर मांडलेत. खालच्या फळीवर इंटरनेटचं खोकं आहे, कारण फोनची तार तिथे येते. त्याचे हिरवे दिवे लुकलुकतात. मी त्यालाही हळदकुंकू लावते, आपलं पोट सध्या त्याच्यावर आहे. बाहेर पंखा दिवसभर गरगरतो, दिवा टिकत नाही, म्हणून मी दार लावून बसते. काल तर यशोधननेच बजावलं की दार घट्ट लावून घे, तुझी घंटा लंडनपर्यंत जाते. जप दुप्पट केलाय.

गोळ्या वेळेवर घ्या. माझ्यावरचा लोभ राहू द्या, पण मी नाही म्हणून तो चहात साखर घालून दाखवू नका.

तुमची,
सौ. सरोजिनी

*

सांगली
१९ फेब्रुवारी २००९

सौ. सरोजिनीस,

स. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि घरात बसवेना. गणपतीपर्यंत चालत गेलो, परत आलो, पुन्हा वाचलं. पोराने मला एका शब्दाने सांगितलं नाही. मी काय त्याला रागावलो असतो? रागावलो असतो, पण मग विचारपूसही केली असती.

तो सगळ्यांना विचारतोय लाइन का जाते. ताप कधी चढतो ते आधी विचारतात, तसं आधी नेमकी कधी जाते ते बघा म्हणावं, आणि तेव्हा घरात काय चाललेलं असतं तेही. तन्मयला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, काका, कॉम्प्युटर म्हणजे ताप नव्हे. आजकालच्या मुलांना म्हाताऱ्याचं ऐकायचं नसतं, सोड.

त्यांनी परत यायचं ठरवलं तर माडीवरची खोली झाडून ठेवतो. पण हे आत्ता त्याला सांगू नकोस, हाय खाईल. तू त्याच्या पायात घोटाळू नकोस, आणि खोक्याला कुंकू लावतेस ते निदान कोरडं लाव. साखर एकच चमचा घेतो.

लोभ कमी होण्याचं काही कारण नाही, तुझाही नसावा.

प्रकाश

*

बुकित बातोक
२७ फेब्रुवारी २००९

ती. स्व. बाबांस,

नीताचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आईंना न सांगता लिहिते आहे, रागावू नका. तुमचं पत्र काल आलं. आईंनी ते मधलं काहीतरी गाळून, पण टोमण्यांसकट मोठ्याने वाचून दाखवलं. लाइन कधी जाते ते बघा, हे ऐकून यशोधन हसला, पण माझ्या डोक्यातून ते जाईना.

परवाच्या मंगळवारी दुसरी मुलाखतही मधेच तुटली. ते लोक सभ्य आहेत, येत्या मंगळवारी आणखी एकदा बघू म्हणाले, पण हे शेवटचं. यशोधन खोलीतून बाहेर आला, तेव्हा समोर आई कोठीतून नैवेद्याच्या साखरेची वाटी घेऊन येत होत्या. तो त्यांना म्हणाला की हे पुटपुटणं आता बंद कर, काय उपयोग झाला त्याचा. बोलल्यावर त्याचा चेहरा पडला, पण माफी त्याने मागितली नाही.  आता आई रोज जास्त वेळ बसतात, आणि त्याला आवाज जाऊ नये म्हणून दार अगदी गच्च ओढून घेतात.

काल संध्याकाळी कुकर लावायला तांदूळ हवे होते. मी कोठीचं दार उघडलं, आणि आतल्या खोलीतून यशोधन ओरडला की आली लाइन. तांदूळ घेऊन दार लावलं तर तो पुन्हा करवादला. डाळीसाठी उघडलं, आली. मग काही नको असताना उघडलं आणि लावलं. आई डोळे मिटून बसलेल्या होत्या, त्यांना वाटलं मी डबे शोधते आहे.  खोकं आत, लॅपटॉप बाहेर, आणि मधे ते लढाईचं दार. आमचं इंटरनेट खोक्यापासून लॅपटॉपपर्यंत हवेतूनच येतं, ते त्या काँक्रीटमधून बाहेर पडतच नाही. सकाळी दार उघडं असतं, म्हणून कंपनीच्या माणसाला सगळं ठीक दिसलं.

आता सांगू कुणाला? यशोधन सध्या असा चिडलेला आहे की आईंना काय बोलेल त्याचा नेम नाही. आणि आईंना सांगायचं म्हणजे, त्याच्यासाठी देवापुढे बसलात म्हणूनच त्याच्या दोन्ही मुलाखती तुटल्या, असं सांगायचं. त्या पुन्हा हातात माळ धरणार नाहीत. मंगळवारच्या आत तुमचं उत्तर येणार नाही हे मला कळतं. तरी लिहिलं, कारण कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना.

आशीर्वाद नेहमीच असतो, या मंगळवारी जरा जास्त असू द्या.

तुमची,
नीता

*

सांगली
६ मार्च २००९

चि. सौ. नीतास,

अ. उ. आ.

तुझं पत्र आज हाती पडलं, मंगळवार उलटून गेल्यावर. तन्मय रविवारपर्यंत परगावी आहे, फोनवरचं ऐकून मला सांगायला दुसरं कुणी नाही. काय झालं असेल या विचाराने घास उतरत नाही.

अजून सांगितलं नसशील तर सासूला खरं सांगून टाक. ती दोन दिवस बोलणार नाही आणि तिसऱ्या दिवशी शिरा करेल. लपवलंस आणि मागून कळलं, तर मात्र जन्मभर तेच उगाळत बसेल. यशोधनला काय सांगायचं ते तिचं तिला ठरवू दे.

तुम्हा सगळ्यांवर जीव आहे, तो असाच टांगून ठेवू नका.

बाबा

*

॥ श्री ॥

बुकित बातोक
९ मार्च २००९

अहो,

सा. न. वि. वि.

काल तुम्ही पडद्यावर रडलात ते सगळ्यांनी पाहिलं, नाही म्हणू नका. नोकरीचं तुम्ही ऐकलंत. पण मधे लाइन गेली तेव्हा इकडे जे झालं ते पडद्यावर बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते. नीताने तुम्हाला कळवलंय, हे तिने मला सांगितलंय.

शेवटच्या मुलाखतीआधीच्या शनिवारी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली की तांदळाला किडे लागलेत, कोठीला हवा हवी, दार उघडं ठेवू या. मी म्हटलं, जन्मभर तांदूळ निवडलेत, त्यात एक किडा दाखव. तेव्हा रडत रडत खरं बोलली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माळ खाली ठेवली ती उचलवेना. पण दोघींनी ठरवलं की मुलाखत होईपर्यंत यशोधनला काही सांगायचं नाही, त्याचं डोकं ठिकाणावर हवं.

मंगळवारी मी दिवा लावला नाही. ते दार आपल्या वजनाने हळूहळू लागत येतं, म्हणून त्याला पाठ टेकून जमिनीवर बसले. त्याचं सगळं इंग्रजी ऐकलं. शब्द एक कळला नाही, पण पोरगं कुठे अडखळलं नाही एवढं कळलं. नामस्मरण नाही, स्तोत्र नाही, काही सुचलंच नाही. शुक्रवारी त्यांचा होकार आला, तर हा माझ्या पाया पडला आणि म्हणाला, आई, तुझ्या जपाने झालं. मी त्याला हाताला धरून उठवलं. खरं सांगून त्याच्या आनंदावर विरजण कशाला घालू?

काल तुमच्याशी बोलता बोलता त्यानेच मायेने सांगितलं की आता निवांत दिवा लाव, आणि उठून स्वतःच्या हाताने दार ओढून घेतलं. तुम्ही गेलात. नीताने धावत येऊन दार उघडलं, तुम्ही परत आलात. मुलगा काही खुळा नाही. त्याने नीताकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, दार पुन्हा लावलं आणि उघडलं. मग तुम्हाला इराच्या हवाली करून आत आला.

तांदळाच्या डब्याला टेकून बसला. कधीपासून ठाऊक होतं विचारलं, मी सांगितलं. मंगळवारी कोणता जप केलास विचारलं. मी म्हटलं, कसला जप, दार धरून बसले होते.  मग म्हणाला, "आई, दार घट्ट लावून घे असं तुला मीच सांगितलं होतं ना?"

मी हो म्हटलं. नाही कशाला म्हणू, सांगितलं होतंच. तर माझ्या मांडीत डोकं घालून रडला हो, एवढा मोठा बाप्या. नोकरी गेली तेव्हासुद्धा रडला नव्हता.

इकडचा लोभ आहे तसाच आहे, तुमच्याकडचा थोडा वाढवून पाठवा.

तुमची,
सौ. सरोजिनी