आतून दिसणारं दार

१२ जानेवारी

शिरले! स्वयंपाकघराची खिडकी नुसती ढकलली, तर चौकटीसकट आत पडली. वाळवी. ज्या घराने आमच्या ताईला गिळलं त्याला आता वाळवी खातेय. खा बाई, पोटभर खा!

पुढच्या दाराला हे मोठं कुलूप आहे, पण ताईच्या सासूबाई गेल्यापासून इकडे कुणी फिरकलेलं दिसत नाही. दाजींनी केव्हाच नवा बंगला बांधला. (अजून ‘दाजी’च लिहिते मी. तोंडातली सवय, मेली जात नाही.)

आज फक्त खालचे फोटो. ओट्यावर कबुतरांची घाण, मोरीत पिंपळ उगवलाय. बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या स्प्रिंगा बाहेर आल्यात. याच सोफ्यावर आईला आणि मला बसवलं होतं. “हवापालटाला गेलीय हो ती. डॉक्टर म्हणाले, माहेरची माणसं दिसली की जास्तच त्रास होईल.” सासूबाई कपात चहा ओतता ओतता सांगत होत्या. आम्ही प्यायलो. वर बिस्किटंही खाल्ली.

ताई वर होती. आमच्या डोक्यावर. आमचं बोलणं तिला ऐकू येत होतं.

हे तिने नंतर सांगितलं. एकदाच.

१३ जानेवारी

आज माडीवर गेले. जिन्याच्या पायऱ्या कुजल्यात, भिंतीला धरून चढले. मागची खोली. बाहेरून कडी — एक नाही, दोन. एक वर, एक खाली. दोन कड्या कशाला रे? माझी बहीण काय वाघीण होती?

आत काही नाही. खिडकीला फळ्या ठोकलेल्या, फटींतून उजेडाच्या रेघा. उजेड कमी म्हणून ट्रायपॉड लावला. दार आतून ओढून घेतलं आणि बघितलं — आतल्या बाजूला काहीच नाही. मूठ नाही, कडी नाही, सपाट लाकूड आणि मूठ होती तिथे स्क्रूची भोकं. नखांचे ओरखडे असतील म्हणून टॉर्च मारून शोधत होते. नव्हते. चौकटीजवळ फक्त एक पट्टा गुळगुळीत झालाय. तळहाताने. रोज ढकलून बघत असणार.

तिथेच खाली बसले. रडले नाही. रडायला आले नव्हते.

शेजारच्या शिंपिणीला खिडकीच्या फटीत हात दिसला, तिने आईला गाठलं, म्हणून ताई सुटली. नाहीतर? बाबा चार माणसं घेऊन गेले आणि तिला उचलूनच आणलं. पण लोक काय म्हणाले? “डोक्यावर परिणाम झाला होता बिचारीच्या. नवरा तरी काय करणार!” बिचारा नवरा! वर्ष उलटायच्या आत दुसरी करून मोकळा.

१९ जानेवारी

आमच्या फोटो मंडळाचं प्रदर्शन ठरलं. विषय — जुनी घरं. उद्घाटनाला कोण येणार म्हणे? चिटणीस हात चोळत सांगत होते, “अहो, एवढा मोठा आर्किटेक्ट! नुसता शब्द टाकला, लगेच हो म्हणाले.”

दाजी!!

मासिकात त्याची मुलाखत आली होती मागे. ‘मला भिंती आवडत नाहीत. घर मोकळं हवं.’ ते पान मी फाडलं होतं आणि त्याच कागदाने माझ्या फोटो स्टुडिओची काच पुसली होती.

चित्रांखाली नावं नसतात, फक्त क्रमांक असतो. म्हणजे तो फीत कापणार, हसत हसत भिंतीपाशी येणार, आणि समोर त्याचंच घर. सगळ्या गावादेखत तोंड पांढरंफटक पडलेलं मला बघायचंय. शेजारी ती त्याची महाराणी असेलच, रेशमी साडीत. तिलाही कळू दे कुणाच्या जागेवर येऊन बसलीय ते.

इतक्या वर्षांनी आज जेवण गोड लागलं.

२४ जानेवारी

ताईने फोटो पाहिले. स्टुडिओत प्रिंट वाळत टाकले होते, ती कधी नव्हे ती वरच्या घरातून खाली आली.

“कुणाला विचारून गेलीस तिथे?”

“ताई, मी तुझ्यासाठीच —”

“माझ्यासाठी? मला विचारलंस?”

आणि वर निघून गेली.

२५ जानेवारी

बोलत नाही. ताट वाढून ठेवते आणि खिडकीशी जाऊन बसते. मीही बोलले नाही. मी काय चोरी केलीय? ज्याने भोगायचं तो मजेत फिरतोय, आणि आम्ही दोघी एकमेकींशी अबोला धरून बसलोय — वा!

२७ जानेवारी

सकाळी भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, “कडीचा फोटो नको लावूस.”

मला वाटलं, संपलं. आता कुठलाच नको म्हणणार.

“कडी बाहेरच्यांना दिसते. मला कधी दिसलीच नाही. लावायचाच असेल तर दाराचा लाव. आतून काढलेला.”

मी तिच्या पाया पडायची तेवढी राहिले. तीही थोडं हसली. मग म्हणाली, “मी येणार नाही हं. मला त्याचं तोंड बघायचं नाही.”

माझी ताई!

३ फेब्रुवारी

फुसका बार. आधीच लिहून टाकते.

दाराचा फोटो मोठा करून लावला होता, पुरुषभर उंच. दारासमोर उभं राहिल्यासारखं वाटायचं. दाजी आला. केस पिकलेत, बाकी तसाच. फीत कापली, भाषण केलं, टाळ्या घेतल्या. आणि माझ्या फोटोसमोर येऊन थांबला.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

“प्रकाश सुंदर पकडलाय,” चिटणीसांना म्हणाला. “कुठलं आहे हे? एखादं गोदाम?”

नाटक नव्हतं ते! मला माणसांचे चेहरे वाचता येतात, धंदाच आहे माझा. त्याने खरंच ओळखलं नाही. ओळखणार कसा? ते दार त्याने आतून कधी पाहिलंच नव्हतं.

मग त्याने मला पाहिलं. “अरे, तू! केवढी झालीस! ताई कशी आहे? बरी आहे ना आता?”

बरी आहे ना! जणू तिला पडसं झालं होतं!

किती वाक्यं पाठ केली होती. जेमतेम एवढंच निघालं — “हे तुमच्या घरातलं आहे. माडीवरची मागची खोली. माझ्या बहिणीला कोंडलं होतंत ती.”

मोठ्याने म्हणाले. सात-आठ माणसांनी तरी ऐकलं. तो हसला. हसला! चिटणीसांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, “आजार होता घराण्यात. धाकटीलाही दिसतोय.” आणि चहाकडे वळला. माणसं त्याच्या मागे. चिटणीसांनी मला बाजूला घेतलं — “अहो, आज नको. पाहुणे आहेत.”

तोंड कुणाचं पांढरं पडलं? माझं.

त्याची बायको मात्र तिथेच उभी होती. रेशमी साडी, हातात हारतुऱ्यांची पिशवी. मला वाटलं, आता हीही ऐकवणार. तर हळूच विचारलं, “आतून मूठ काढून टाकली होती?”

“हो.”

“आधीपासूनच नव्हती? की नंतर काढली?”

हा काय प्रश्न झाला? मी म्हणाले, “नंतर. स्क्रूची भोकं दिसतात, बघा.”

ती अगदी जवळ जाऊन बघत राहिली. तिकडून त्याने नुसत्या चुटक्या वाजवल्या. ती गेली.

४ फेब्रुवारी

स्टुडिओ बंद. पडून राहिले. ताईने डोक्याला तेल लावून दिलं.

६ फेब्रुवारी

शटर वर केलं तर ती समोर. त्याची बायको. एकटी, पायात घरातल्या सपाता.

“पासपोर्टचे फोटो हवेत. आत्ता लगेच. ते साइटवर गेलेत, जेवायला येतील.”

स्टुलावर बसवलं, दिवे लावले. तिचा तो मुठीचा प्रश्न आत्ता कुठे कळला, आणि माझ्याने फोकसच होईना. ताई जिना उतरून खाली आली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. ताईने तिच्या कपाळावरची बट मागे केली, मान सरळ केली आणि म्हणाली,

“हसायचं नाही हं. पासपोर्टला चालत नाही.”

आधी ती हसली. मग ताई.