नव्या गृहस्थांचे प्रश्न

प्रिय ताई,

तुला आणि आईला प्रभूमध्ये सलाम. मी अगदी मजेत आहे. कारखान्यात आता मला कॉलर शिवायला बसवलंय, त्यामुळे पायांना आराम मिळतो. बाळ रांगायला लागलं का गं?

रविवारी दुपारी आम्ही काही जण कापड कापणाऱ्या मावशींच्या खोलीत बायबल वाचायला बसतो. सोबत मननाची पुस्तिका असते. त्यात उतारा, थोडं स्पष्टीकरण आणि शेवटी एक प्रश्न. त्या प्रश्नावर आम्ही एवढा वाद घालतो की चहा गार होतो.

हल्ली एक नवे गृहस्थ येतात. मावशींनी त्यांना विचारलं, “या वचनातून तुम्हाला काय मिळालं?”

ते हसून म्हणाले, “आधी सांगा, या पुस्तिका तुम्हाला कोण आणून देतं?”

मावशींनी विषय बदलला; अशा बैठकांना इथे परवानगी नाही, हे तुला ठाऊकच आहे.

काल गेलो तर मावशींच्या दाराला बाहेरून कुलूप, आणि त्यांच्या चपला मात्र दारातच. शेजारीण म्हणाली, “मला काही विचारू नका.” बाकीचे परतले. मी आणि माझ्या शेजारच्या मशीनवर बसणारी अक्का जिन्यातच बसलो आणि उतारा वाचला. हळू आवाजात, पण पूर्ण वाचला.

खाली उतरले तर फाटकापाशी ते गृहस्थ उभे. अगदी आपुलकीने म्हणाले, “आईंचा गुडघा आता कसा आहे?”

ताई, आईच्या गुडघ्याबद्दल मी इथे कोणाजवळही बोललेले नाही. तुमच्याकडे कोणी येऊन गेलं का? आईला यातलं काही कळू देऊ नकोस.

तुम्हा सगळ्यांसाठी रोज प्रार्थना करणारी,
तुझी धाकटी