अकरा हजारांतली एक

२१ सप्टेंबर १४५८, संत मातेओचा दिवस

वेदीवरच्या चित्राच्या फळ्या आल्या! दारोकाहून, खेचरांच्या पाठीवर, घोंगड्यांत गुंडाळून. सोनं झालंय, जहाज झालंय, झगे झालेत — चेहरे तेवढे नाहीत. संत उर्सुला आणि तिच्यासोबत मरायला निघालेल्या सगळ्या मुली, आणि मानेवर नुसता हिरवा रंग! शेजारची तोदा भर चर्चमध्ये ओरडली, "अगं बाई, बोट लागलीय सगळ्यांना!" सगळे हसले. मीसुद्धा. माझ्या लेकीला, ग्रासियाला पुरल्यापासून पहिल्यांदा.

चित्रकार मास्तर लोपे म्हणाले, त्वचेखाली आधी हिरवाच द्यावा लागतो. चेहरे इथेच करायचे, शेवटी. "अकरा हजार होत्या म्हणतात. एवढे चेहरे मला कुठले सुचायला! ज्यांच्या लेकी गेल्या, त्यांनी येऊन सांगा."

ग्रासिया वेदीवर!

२३ सप्टेंबर

नुसता बाजार!

"लाल झग्यातली माझी."

"तुझी तर तिरळी होती!"

"मग तिरळीच काढा, मास्तर."

मी मनात निळ्या झग्यातली धरलीय. दुसऱ्या रांगेत, कडेला. कुणी घेऊ नये!

२९ सप्टेंबर

अजून धीर होत नाही. तोदा म्हणते, "विधवा झालीस, मुकी नाही. बोल की!"

४ ऑक्टोबर, संत फ्रान्सिस्कोचा दिवस

सांगितलं! मास्तर अंड्याच्या बलकात रंग कालवत होते. मी भिंतीकडे बघत बोलत गेले. रुंद कपाळ. भुवया जवळजवळ जुळलेल्या. खळी एकाच गालाला, डाव्या. ऐकताना खालचा ओठ दातांत धरायची. झगा? निळा. थांबले तेव्हा घसा कोरडा पडला होता. एवढी मी वर्षभरात बोलले नसेन. मास्तर म्हणाले, "दिसली मला."

दिसली!

९ ऑक्टोबर

पडदा लावलाय. उघडणार संत उर्सुलेच्या दिवशी. तोदा खालून डोकावली, मास्तरांनी तिच्या नाकाला रंग फासला. तसंच नाक घेऊन बया गावभर मिरवली.

१७ ऑक्टोबर

आज विहिरीवर ओरिया भेटली. विचारलं, तुझी कुठली गं?

"माझी कसली, बाई! दोन दिवसांची गेली. आज असती तर लग्नाची असती. मास्तरांनी विचारलं, तोंड कसं होतं? म्हटलं, लाल. सगळ्यांचं असतं तसं." हसली, आणि घागर उचलून गेली.

मला चारच दिवस काढायचेत. जेवण जात नाही.

२१ ऑक्टोबर, संत उर्सुलेचा दिवस

पडदा सरला. ग्रासिया! ओठ दातांत धरलेली, हुबेहूब! मी धावले — तर निळ्या झग्यापाशी ओरिया आधीच गुडघ्यांवर. माझा हात धरून म्हणाली, "बघ ना गं. मोठी होऊन अशीच दिसली असती ना माझी?"

तोदानं तोंड उघडलं. मी तिचं मनगट घट्ट दाबलं.

"हो," मी म्हणाले. "अगदी अशीच."