नव्या स्विचच्या चार वायरी

१२ फेब्रुवारी
किल्ली घेऊन गेली! गाडी जिन्याखाली आणि किल्ली तिच्या खिशात. मुद्दाम नसेल नेली — पण आज मला ते मुद्दामच वाटून घ्यायचं आहे.

लेकीला बढती मिळाली, दुसऱ्या गावी. आनंद व्हायला हवा होता. मी काय बोलले? "जायचं तर पायी जा. ह्यांची मोटरसायकल या घरातून हलणार नाही." ती म्हणाली, "बाबा असते तर त्यांनी स्वतः टाकी भरून दिली असती." आणि बॅग उचलून चालू लागली. दिलीच असती ह्यांनी. म्हणून तर जास्त झोंबलं.

१५ फेब्रुवारी
फोन नाही. मी का करू?

१९ फेब्रुवारी
गॅरेजवाला म्हणाला, "काकू, एवढ्या जुन्या गाडीचा किल्लीचा स्विच कंपनीचा आता मिळत नाही. बाजारातला घ्या, नव्या किल्ल्या सोबत येतात. मी बसवून देतो." म्हटलं, राहू दे, मी बसवते. जन्मभर कारखान्यात पॅनेलच्या वायरी जोडल्या, चार वायरींना काय भ्यायचं? तिच्यावाचून माझं काही अडत नाही, हे दाखवायचं होतं. कुणाला, कोण जाणे. घरात मी एकटी.

२२ फेब्रुवारी
फजिती. नव्या स्विचचा प्लग गाडीच्या प्लगमध्ये बसेना. मग दोन्ही कापले आणि रंगाला रंग जोडला — लालला लाल, तपकिरीला तपकिरी, काळीला काळी, हिरवीला हिरवी. कारखान्यात लाल म्हणजे लाल, त्यात शंका घ्यायची सोयच नव्हती. किल्ली चालू केली — काही नाही. बंद केली — दिवा लागला! चालू केलं की विझतो, बंद केलं की लागतो.

खालची शेजारीण दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "ताई, गाडी तुमच्या वळणावर गेली की. मनात हो असलं की तोंडानं नाही म्हणते." मीही हसले. वर येऊन मात्र रडले.

२३ फेब्रुवारी
मीटर काढला. आधी बॅटरी सोडवली, सगळे जोड उघडले. रंग विसरायचे, फक्त जोड्या शोधायच्या. मीटरच्या दोन काड्या दोन वायरींना लावायच्या. आतून जोडलेल्या असल्या की मीटर वाजतो. किल्ली बंद असताना नव्या स्विचच्या लाल-तपकिरी वाजल्या. चालू केल्यावर काळी-हिरवी. म्हणजे सगळं उलटं! बनवणाऱ्यानं हाताला येईल तो रंग लावलेला. गाडीकडची लाल बॅटरीची आणि तपकिरी दिव्यांची, त्या नव्या काळी-हिरवीला जोडल्या. गाडीकडच्या इंजिन बंद करणाऱ्या दोन, काळी आणि हिरवी, राहिल्या त्या नव्या लाल-तपकिरीला. टेप गुंडाळली.

शेजारणीच्या नवऱ्यानं किक मारली. सुरू! तो आवाज जिन्यात घुमला आणि हे आता जेवायला वर येतील असं वाटलं.

मीटर पहिल्याच दिवशी लावायला काय झालं होतं? आणि लेकीलाही एका शब्दानं विचारलं नाही, की बाई, तू जाणार म्हणजे किती लांब, येशील कधी. माझं मीच ठरवून बसले की ही मला सोडून चालली.

२४ फेब्रुवारी
चुकलंच माझं.

२७ फेब्रुवारी
दोन किल्ल्या आहेत. एक माझ्याकडे राहील, एक तिची. रविवारी बसनं जाते आणि तिच्या हातात ठेवते. गाडी तिचीच आहे, कधीही घेऊन जा म्हणते. फोनवर बोलायला माझी जीभ रेटत नाही. किल्ली दिली की फार बोलावं लागणार नाही.

२८ फेब्रुवारी
तिकीट काढून आले तर शेजारीण जिन्यातच थांबलेली. म्हणाली, "लेक येऊन गेली तुमची. हेल्मेट घेऊन आली होती. गाडीला किल्ली लावून किती वेळ फिरवत होती, फिरेचना. मग वाकून नवा स्विच बघितला. 'आईनं कुलूपच बदललं' म्हणाली. मी थांब थांब म्हणतेय तोवर ही जुनी किल्ली माझ्याकडे दिली आणि पायीच गेली."