कारखान्यातलं पिल्लू

रोहा

प्रिय मृणाली,

रविवारी तुझ्याकडून चहा न घेताच निघाले, तेव्हा तुला वाटलं असेल, हिची गाडीची वेळ झाली. गाडीला भरपूर वेळ होता. मला तिथे बसवेना. किळस आली होती.

आपण दोघींनी एकाच दिवशी संस्थेकडून पिल्लं आणली. अंध माणसाला वाट दाखवणारा कुत्रा घडायच्या आधी त्याला वर्षभर कुणीतरी घरात वाढवायचं, माणसांत वावरायला शिकवायचं. हे काम आपण हौसेनं अंगावर घेतलं. शाळेपासूनची मैत्रीण सोबत आहे म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटले होते. माझं पिल्लू टिकली आता रोह्याच्या मासळीबाजारातून मान न वळवता चालते. शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थनेनंतर पाहुणे जेवायला बसतात, तेव्हाही ती ताटाकडे बघत नाही.

आणि तुझा लाडू? हमरापूरच्या तुझ्या त्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात, टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधलेला. पंजे रंगानं माखलेले, खालचं पोतं मुतानं भिजलेलं, आणि प्यायच्या भांड्यात ब्रश धुतलेलं गुलाबी पाणी! वर अंगात संस्थेचं जॅकेट, कारण गिऱ्हाइकांना फोटो हवे असतात. ते फक्त शिकवायला बाहेर नेताना घालायचं, हे तुला ठाऊक नाही? शिवाय मूर्तीचं बुकिंग झालं की गिऱ्हाइकाला पेढा, आणि त्याच्याच हातून लाडूलाही एक. तुझ्या सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "अगो, कुत्र्याला कसले नियम? देवाच्या दारात हाय, पेढं खातोय, मजेत हाय." इंदुबाई भाबड्या आहेत. तू नाहीस. संस्थेचा माणूस फोन करून येतो, त्या दिवशी लाडूला शाम्पू, माडीवर गादी, आणि तुझं ते लाघवी बोलणं. शी!

मी हात पुढे केला तर सुतळी तुटेल इतकी ओढ घेतली त्यानं. आता कुणाचाही हात दिसला की त्याला पेढाच दिसतो. नजर गेल्यापासून माझे बाबा भिंत चाचपत चालतात, तुला माहीत आहे. उद्या त्यांच्यासारख्या कुणी लाडूचा पट्टा धरला आणि गडब गावाजवळ हायवेच्या पलीकडून कुणी नुसता हात हलवला, तर तो माणूस ट्रकखाली जाईल. हे मी तिथेच तुला सांगितलं, तर तू हसलीस. म्हणालीस, सीझन संपला की शिकवू.

सोमवारी मी संस्थेला सगळं कळवलं. माझं नाव न सांगताही चाललं असतं, मी सांगितलं. गुरुवारी त्यांची गाडी लाडूला न्यायला येईल. त्याची खोड मोडेल की नाही, ते त्यांनाही आज सांगता येत नाही. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. भांडायचं तर रोह्याला ये, माझ्याशी भांड. पण गुरुवारी दार उघड आणि त्याला जाऊ दे.

संतापलेली, आणि तरीही तुझीच,
नाओमी