किल्ल्याची माती

विकास नगर, लखनौ
१६ जानेवारी २०११

चि. सिद्धेशला देवयानीताईचे अनेक आशीर्वाद. तिळगूळ सोबत आहे, राजस्थानात पोचेपर्यंत शिळा होईल, तरी गोड मानून घे.

इथे धुक्याने वैताग आणलाय. चारबाग स्टेशनला एक गाडी वेळेवर येईल तर शपथ. तुझी विनया आणि लेक सावनी इथे माझ्याकडे बऱ्या आहेत. बऱ्या म्हणजे, सावनीला जेवण जात नाही आणि ते बघून विनयाला.

तुझं पत्र वाचलं. खाणीतला दगड दळून जस्त काढताना जे गाळातून तळ्यात वाया जातं, ते वाचवलंस म्हणून साहेबांनी सत्कार केला. शाबास रे! मला खरंच अभिमान वाटला.

काल सावनी गॅलरीतल्या कुंडीशी खेळत होती. म्हणाली, "आत्या, ये मिट्टी अच्छी नहीं है. बाबावाली मुलायम थी, पाउडर जैसी."

"कुठली गं?"

"किलेवाली."

अरे गाढवा! दिवाळीच्या किल्ल्याला तू त्या तळ्याकाठचा वाळका गाळ पोतं भरून घरी आणलास? विनया सांगते, पोरगी किल्ला मोडू देईना, म्हणून तो अजून तिकडे तुमच्या व्हरांड्यात आहे. रोज त्यावर मावळे मांडायची आणि तीच बोटं तोंडात. अळीव पेरले होते, त्यातला एकही उगवला नाही. तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. जस्ताच्या दगडात शिसंही असतं, हे मी तुला शिकवायचं?

फोन हातात घेतला होता, पण ठेवून दिला आणि लिहायला बसले. तिच्या रक्ताचा रिपोर्ट शुक्रवारीच आलाय. शिसं मर्यादेच्या पाचपट आहे. तू म्हणत होतास तसे जंत नाहीत, सिद्धेश. उद्या तिला दवाखान्यात भरती करतोय. औषधाने रक्तातलं बरंचसं निघेल, पण डोक्यावर काय परिणाम झालाय ते डॉक्टर आत्ता सांगत नाहीत. मला फार भीती वाटते रे.

विनया तिकडे परत येणार नाही म्हणते. मी तिला समजावणार नाही.

किल्ला तू स्वतः मोड. झाडू लावू नकोस, धूळ उडेल. पाणी मारून भर, फरशी ओल्या फडक्याने पूस आणि मिळेल त्या गाडीने ये. सावनी रोज विचारते, "मेरा किला है ना?" मी हो म्हणते. आल्यावर तूही होच म्हण.

तुझ्यावर रागावलेली आणि तुझीच वाट पाहणारी,
ताई